विलिस जीपचे ब्रेक : मोठे ड्रम बसवले तरी गाडी एका बाजूला का ओढते?

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपना चारही चाकांवर ९ इंच व्यासाचे आणि पावणेदोन इंच रुंदीचे हायड्रॉलिक ड्रम ब्रेक होते. तेच ब्रेक पुढे सीजे-२ए, सीजे-३बी या नागरी जीपवर आणि लष्कराच्या एम३८ वरही राहिले. मूळ गाडीचं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, टायर ६.००-१६ चे अरुंद आणि वजन हजार-अकराशे किलोच्या घरात. तेवढ्यासाठी हे ब्रेक पुरत होते. आज त्याच गाडीवर रुंद टायर असतात, कधी दुसरं इंजिन असतं, आणि पुढची मोटार डिस्क ब्रेकवर क्षणात थांबते. त्यामुळे ११ इंची ड्रम किंवा पुढे डिस्क बसवावी असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण माझ्याकडे परत परत येणारी तक्रार नेमकी त्यानंतरची असते : सगळं नवं घातलं, तरी पेडल पहिल्या दाबात खाली जातं, आणि जोरात दाबलं की गाडी बाजूला पळते. अशा गाड्या उघडल्यावर दोष बहुतेक वेळा नव्या भागांत सापडत नाही. तो आधीपासून गाडीत असतो. ९ इंची ब्रेकची पकडच बेताची होती म्हणून तो जाणवत नव्हता. मोठा ब्रेक थांबवण्याची ताकद वाढवतो, तशी डाव्या-उजव्यातली तफावतही वाढवतो. म्हणून खालचा क्रम मूळ ब्रेकला लागू आहे आणि बदललेल्यालाही. भाग विकत घेण्याआधीच तो पूर्ण केलात तर आणखी बरं, कारण नीट सेट केलेले ९ इंची ब्रेक काय करू शकतात हे अनेक मालकांनी अनुभवलेलंच नसतं.

आधी लक्षण ओळखा

नुसतं "ब्रेक लागत नाही" म्हणून काही कळत नाही. गाडी उभी असताना आणि मोकळ्या सपाट जागेत अगदी हळू चालवताना पुढीलपैकी काय होतं ते कागदावर लिहा.

- पहिल्या दाबात पेडल खूप खाली, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर : शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे भाग) ड्रमपासून लांब आहेत. ॲडजस्टमेंट, हबच्या बेअरिंगमधला प्ले, किंवा रेसिड्युअल व्हॉल्व्हचा (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचा) अभाव.
- पेडल मऊ, लुसलुशीत : लाइनमध्ये हवा, फुगणारे होज (रबरी नळ्या), किंवा ड्रमच्या गोलाईशी न जुळणारे लायनर (शूवरचे घासणारे अस्तर).
- दाबून धरलं की पेडल हळूहळू खाली सरकतं : गळती. बाहेर कुठे ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या दाबाने तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचा) कप, म्हणजे पिस्टनवरचं रबरी सील, आतल्या आत तेल सोडतो आहे.
- पेडल उंच आणि दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही : लायनर तेलकट किंवा काचेसारखे गुळगुळीत झालेत, नाहीतर मास्टर सिलिंडरचा बोअर मोठा निवडला गेला आहे.
- काही किलोमीटर चाललं की ब्रेक आपोआप धरू लागतात, गाडी जड होते, थंड झाली की सुटतात : पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) नाही.
- एकच चाक तापतं : त्या चाकाचा होज, व्हील सिलिंडर (चाकातला, शू दाबणारा सिलिंडर) किंवा शू मागे ओढणारी रिटर्न स्प्रिंग.
- नेहमी एकाच बाजूला ओढते : विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी लागतो, किंवा ओढणाऱ्या बाजूचा जास्त धरतो. कमी लागणाऱ्या बाजूपासून सुरुवात करा.
- कधी डावीकडे, कधी उजवीकडे : ब्रेकपेक्षा स्टिअरिंग आणि पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) संशय घ्या.
- पेडल पायाखाली थरथरतं : ड्रम गोल राहिलेला नाही.

दोन-तीन लक्षणं एकत्र असणं नेहमीचंच. अशा वेळी पेडल खाली जाणं आधी सोडवा. पेडल भरवशाचं नसताना ओढण्याची चाचणी घेणं धोक्याचं आहे.

जॅक लावण्याआधी

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, प्रोपेलर शाफ्टवर काम करतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असला तरी गाडी सरकते. आधुनिक मोटारींवर काम केलेल्या चांगल्या मेकॅनिकच्याही हे लक्षात येत नाही. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नका.

दुसरं, डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर नट सुटण्याऐवजी आवळतो आणि स्टड तुटतो. मागे कुणी ड्रम किंवा हब बदलले असतील तर दोन्ही बाजूंना सरळ आटे असू शकतात, म्हणून पाना लावण्याआधी स्टडचं टोक बघून घ्या.

तिसरं, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. ब्रेक क्लीनरने ओली करा, पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मास्क लावा.

१. टायर आणि चालवण्याची पद्धत

चारही टायरमधली हवा मोजा. पुढच्या दोन टायरचा मेक, नक्षी आणि झीज सारखी हवी. डावा पुढचा नवा आणि उजवा झिजलेला असेल, तर ब्रेक कितीही नीट असले तरी गाडी ओढेल. चाचणी पक्क्या रस्त्यावर आणि टू-व्हील ड्राइव्हमध्येच घ्या. पुढचा ॲक्सल गुंतलेला असेल तर चारही चाकं एकमेकांना जखडतात आणि कोणतं चाक कमी धरतं ते कळत नाही.

२. तेल आणि झाकणाचं छिद्र

मूळ मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला लावलेला असतो. तो भरायचा तर फ्लोअरवरची छोटी प्लेट काढावी लागते. जागा अशी अडचणीची असल्यामुळे तिकडे कुणी बघत नाही, आणि प्लेट काढली की वरची माती थेट तेलात पडते. आधी आजूबाजूचा भाग स्वच्छ पुसा, मग झाकण उघडा.

पातळी बघा. तेल काळं किंवा गढूळ असेल तर रबराचे कप विरघळताहेत किंवा पाणी शिरलं आहे. झाकणाला एक बारीक श्वासछिद्र असतं, ते चिखलाने किंवा रंगाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा. ते बंद असेल तर टाकीत हवा शिरत नाही, तेल खाली उतरताना निर्वात तयार होतो आणि पेडलचं वागणं बेभरवशाचं होतं. गाडी नव्याने रंगवली असेल तर हे छिद्र हमखास तपासा.

तेल कोणतं आहे तेही ठरवा. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारची ब्रेक तेलं एकमेकांत चालतात. डॉट ५ हे सिलिकॉन असतं, बहुधा जांभळट रंगाचं, आणि ते या दोघांत मिसळायचं नाही. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात आपल्या वाहनांसाठी सिलिकॉन तेल स्वीकारलं, त्यामुळे लष्करी वापरातून उशिरा बाहेर पडलेल्या किंवा हौशी माणसाने जपलेल्या गाडीत ते निघू शकतं. एकातून दुसऱ्यात जायचं असेल तर सगळी लाइन धुऊन रबरं बदलावी लागतात, वरून ओतून भागत नाही.

३. पेडलचा फ्री प्ले

एक पैसा खर्च होत नाही अशी ही तपासणी, आणि मी सर्वांत जास्त वेळा दोष पकडलाय तो इथेच. पेडल बोटाने दाबा. पुशरॉड मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला टेकेपर्यंत पेडलच्या पॅडपाशी साधारण अर्धा इंच मोकळी हालचाल मिळाली पाहिजे.

कारण असं : पिस्टन पूर्ण मागे आला की त्याच्या कपपुढे एक अतिशय बारीक छिद्र उघडतं, त्यातून लाइनमधलं तेल टाकीत परत जातं. ब्रेक तापले की तेल फुगतं, आणि हे छिद्र उघडं असेल तर जास्तीचं तेल वर निघून जातं. फ्री प्ले नसेल तर कप त्या छिद्रावर बसून राहतो. फुगलेल्या तेलाला वाट मिळत नाही, ते शू बाहेर ढकलतं, शू घासून आणखी उष्णता होते, तेल आणखी फुगतं. शेवटी गाडी जागच्या जागी अडकते. त्या क्षणी कोणत्याही एका चाकाचा ब्लीडर (तेल-हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) अर्धा फेरा उघडा. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटलं तर दाब अडकला होता हे सिद्ध झालं. चाक न सुटता तसंच धरून राहिलं तर कारण त्या चाकाच्या यांत्रिक भागात आहे.

मास्टर सिलिंडर बदललेल्या गाडीत हे विशेष तपासा. फ्लोअरखाली ड्युअल सर्किट (पुढच्या आणि मागच्या ब्रेकना वेगळी लाइन देणारा) मास्टर बसवताना ब्रॅकेट वेगळं येतं, पिस्टनची खोली वेगळी असते, आणि जुनाच पुशरॉड वापरला की तो थोडा लांब पडतो किंवा तोकडा. लांब पडला तर वरचा प्रकार घडतो. तोकडा पडला तर पेडलचा निम्मा प्रवास वाया जातो आणि माणूस हवा काढत बसतो. पेडल परत ओढणारी स्प्रिंग थकली असेल तरी पेडल पूर्ण वर येत नाही आणि परिणाम तोच होतो.

४. कोणतं चाक वेगळं वागतं

काही किलोमीटर मध्यम वेगात, चार-सहा वेळा नीट ब्रेक लावून या आणि लगेच प्रत्येक ड्रमचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. हात लावून बघायचा मोह टाळा, ड्रम कातडी भाजण्याइतका तापतो. पुढची दोन चाकं एकमेकांशी जुळली पाहिजेत, मागची दोन एकमेकांशी. पुढची मागच्यांपेक्षा जास्त तापतील, ते योग्य आहे. एखादं चाक जोडीदारापेक्षा बरंच थंड असेल तर ते काम करत नाही, बरंच गरम असेल तर सुटत नाही. आता चारऐवजी एकच चाक उघडून भागेल.

५. शू ॲडजस्टमेंट

मूळ ९ इंची ब्रेक आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. लायनर झिजतील तसं हाताने करावं लागतं, आणि नव्या जमान्याच्या माणसाला ही सवय नसते. प्रत्येक चाकाच्या बॅकिंग प्लेटवर वरच्या बाजूला दोन कॅमचे बोल्ट असतात, एकेका शूसाठी एक. खालच्या बाजूला दोन अँकर पिन असतात, त्याही विकेंद्री.

चाक उचला, हाताने पुढच्या दिशेने फिरवत राहा. एक कॅम फिरवत न्या, शू ड्रमला घासू लागेल. तिथून सूतभर मागे घ्या, चाक मोकळं झालं पाहिजे. मग दुसरा शू. एका चाकाचे दोन्ही शू झाल्यावर पेडल एकदा जोरात दाबा, शू जागेवर बसतात, आणि पुन्हा तपासा. नेहमीच्या देखभालीत एवढंच पुरतं.

लायनर किंवा ड्रम बदलले असतील तर मात्र एवढ्याने भागत नाही. खालच्या अँकर पिनही सेट कराव्या लागतात, आणि बहुतेक लोक हे काम सोडून देतात. शूचं खालचं टोक ड्रमपासून ०.००५ इंच आणि वरचं टोक ०.००८ इंच, हे माप फीलर गेजने घ्यायचं. काही ड्रमना गेज घालण्यासाठी खाच असते. तुमच्या ड्रमला नसेल तर निकामी झालेला, पण गोल आणि त्याच व्यासाचा ड्रम एका जागी कापून खिडकी करून घ्या आणि मापाचं हत्यार म्हणून ठेवून द्या. अँकर चुकलेला असेल तर लायनरचा फक्त एक कोपरा ड्रमला टेकतो. पेडल मऊ लागतं, माणूस हवा काढतो, मास्टर बदलतो, शेवटी डिस्क किट मागवतो, आणि दोष खालच्या दोन पिनांमध्ये तसाच राहतो.

११ इंची ब्रेकमध्ये खाली दातेरी चाकाचा ॲडजस्टर असतो, अनेक सेटमध्ये तो रिव्हर्समध्ये ब्रेक लावल्यावर आपोआप फिरतो. या ॲडजस्टरचे आटे डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगळे असतात. अदलाबदल झाली तर यंत्रणा प्रत्येक वेळी घट्ट करण्याऐवजी सैल करत जाते, आणि सर्व्हिसिंगनंतर काही दिवसांनी पेडल पुन्हा खाली. एका बाजूचंच शू-ड्रम अंतर वाढत जात असेल तर गाडी ओढतेसुद्धा. ही चूक चाक उघडल्याशिवाय दिसत नाही.

६. हवा काढणे

ॲडजस्टमेंट झाल्यावरच हवा काढा. शू सैल असताना लाइनमध्ये थेंबभर हवा नसली तरी पेडल खाली जातं, आणि तुम्ही तेलाच्या बाटल्या संपवत राहता.

डाव्या स्टिअरिंगच्या मूळ गाडीत क्रम असा : मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. म्हणजे मास्टरपासून सर्वांत लांबचं आधी. मास्टर जुना असेल तर पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे पेडल तळाला टेकणार नाही. नेहमीच्या वापरात कप सिलिंडरच्या ज्या भागात जात नाही तिथे गंज बसलेला असतो. हवा काढताना तळापर्यंत दाबलं की कप त्या गंजावर घासून फाटतो आणि कालपर्यंत चालणारा मास्टर आज गळू लागतो.

एवढं करूनही पेडल मऊ असेल तर लाइन भागाभागाने वेगळी करा. मास्टरच्या आउटलेटला योग्य आट्यांचा प्लग लावा आणि पेडल दाबा. ते कडक आणि उंच हवं, सरकता कामा नये. सरकलं तर दोष मास्टरमध्येच. कडक राहिलं तर पुढची आणि मागची लाइन एकेक करून जोडत जा, ज्या जोडणीनंतर पेडल मऊ होतं तिकडे शोधा. या एका प्लगने पुष्कळ खर्च वाचतो.

७. होज

होज बाहेरून उत्तम दिसतो आणि आतून सुजून बंद झालेला असतो. पायाच्या जोरापुढे तेल आत जातं, पण रिटर्न स्प्रिंगच्या जोरावर परत येऊ शकत नाही. एकच चाक धरून राहतं, आणि ब्लीडर उघडला की सुटतं. जुने होज तपासत बसण्यापेक्षा सगळे एकदम बदला. गाडी कपाटात ठेवल्यासारखी जपली असली तरी रबराचं वय वाढतंच. मोठे टायर घातले असतील तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि ॲक्सल लोंबकळता ठेवून होज ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना, हेही बघा.

८. ड्रम उघडल्यावर

मूळ गाडीत ड्रम हबला पक्का बसवलेला असतो, त्यामुळे ड्रम काढायचा म्हणजे हब, बेअरिंगसकट उतरवायचं. म्हणूनच ही पायरी इतक्या उशिरा घेतली आहे.

लायनरवर तेल आहे का ते सर्वांत आधी बघा. तेल दोन प्रकारचं असतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग उचलून काढतं, ते व्हील सिलिंडरमधून येतं. गिअर ऑइल किंवा ग्रीस चिकट आणि वासाचं असतं, ते ॲक्सलच्या ऑइल सीलमधून येतं. सील बदलताना सीलचा ओठ ज्या भागावर फिरतो तिथे नखाने चाचपून बघा. खाच लागली तर नवं सीलही लवकरच गळेल. डिफरन्शियलमध्ये तेल पातळीच्या वर भरलेलं असेल किंवा ब्रीदर बुजलेला असेल तर आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो, मग सील कितीही चांगलं असो. तेल प्यायलेले लायनर धुऊन किंवा जाळून परत वापरू नका. तापल्यावर तेल पुन्हा वर येतं. त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे लायनर एकत्र बदला.

आता शूची जागा. मूळ ९ इंची रचनेत प्रत्येक शू खाली आपापल्या अँकरवर टेकतो आणि गाडी पुढे जाताना पुढच्या बाजूचा शू जास्त काम करतो. म्हणून लांब लायनरचा शू पुढे. ११ इंची ड्युओ-सर्वो रचनेत अँकर वर असतो, खाली दोन्ही शू ॲडजस्टरने जोडलेले असतात, पुढचा शू ड्रमबरोबर सरकून मागच्याला दाबतो आणि खरं काम मागचा करतो. म्हणून तिथे लांब लायनरचा शू मागे. वर्षानुवर्षं ९ इंची ब्रेक बसवलेला हात ११ इंचीतही सवयीने लांब शू पुढेच लावतो. एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला उलटं लागलं असेल तर गाडी भयंकर ओढते. याच सर्वो परिणामामुळे लायनरवर तेलाचा एवढासा डाग असला तरी मोठ्या ड्रममध्ये तो जोरदार झटका देतो.

व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. पिस्टन दोन्हीकडे बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. पुढच्या सिलिंडरचा बोअर मागच्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे पुढे-मागे अदलाबदल करू नका आणि एकाच ॲक्सलवर दोन वेगळे बोअर येऊ देऊ नका. बॅकिंग प्लेटवर शू ज्या उंचवट्यांवर घासतो तिथे खळगे पडले असतील तर शू त्यात अडकतो. ते भरून घासून सपाट करावे लागतात, आणि उच्च तापमानाचं ग्रीस अगदी पुसटसं लावायचं.

हब परत बसवताना बेअरिंगचा नट चाक फिरवत फिरवत, चाक जड होईपर्यंत आवळा, मग सुमारे एक षष्ठांश फेरा सैल करा, लॉक वॉशर वाकवा. प्ले जास्त राहिला तर ड्रम डगमगून शू आत ढकलतो आणि पुढच्या ब्रेकला पहिलं पेडल खाली जातं.

९. ब्रेकबाहेरचं कारण

ब्रेक लागला की पुढचा ॲक्सल पाट्यांवर किंचित पिळतो. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची जोडदांडी) मात्र आपल्या जागी राहते, त्यामुळे चाक वळतं आणि गाडी ब्रेकमुळे ओढली असं वाटतं. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले, शॅकल झिजलेले, स्टिअरिंगच्या बेलक्रँकमध्ये किंवा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये प्ले, यातलं काहीही हा परिणाम वाढवतं. युद्धकालीन जीपना डाव्या पुढच्या पाट्याजवळ एक जादा टॉर्क रिॲक्शन स्प्रिंग असायची. पाटे बदलताना ती अनावश्यक समजून काढून टाकलेली आढळते. एकाने पेडल जोरात दाबून गाडी ढकलल्यासारखी हलवावी, दुसऱ्याने बाजूला बसून ॲक्सल, पाटे आणि बेलक्रँक बघावेत. हालचाल डोळ्यांना दिसते.

१०. ड्रम आणि लायनरची गोलाई

इथून पुढे लेथ लागतो. ड्रम लंबगोल झाला असेल तर टर्निंग करून घ्यावं लागतं, पण मूळ व्यासापेक्षा साधारण ०.०६० इंचाहून जास्त वाढलेला ड्रम बाद समजा. भिंत पातळ झाली की तो लवकर तापतो आणि दाबाखाली फाकतो. टर्निंग केलेल्या ड्रममध्ये मूळ मापाचे नवे लायनर घातले तर ते मधल्या पट्ट्यातच टेकतात. ड्रमच्या आत खडू फिरवा, ब्रेक दाबा, उघडून लायनरवर खडू कुठे लागला ते बघा. जवळजवळ पूर्ण लांबीवर हवा. नसेल तर लायनर ड्रमच्या मापाने घासून घ्यावे लागतात.

११. बदल केलेल्या गाडीची जुळवाजुळव

मास्टरचा बोअर. एक इंची बोअरचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस इंच, एक अष्टमांशाने मोठ्या म्हणजे १⅛ इंची बोअरचं ०.९९४. पायाचा जोर तोच ठेवला तर लाइनमधला दाब सुमारे एक पंचमांशाने घटतो. ⅞ इंची बोअरने तो जवळजवळ ३० टक्के वाढतो, पण पेडलला तेवढंच जास्त खाली जावं लागतं. "मोठे ब्रेक, म्हणून मोठा मास्टर" हा हिशेब बूस्टर नसलेल्या गाडीत पेडल दगड करून ठेवतो. डिस्कला ड्रमसारखा सर्वो परिणाम मिळत नाही, तिथे तर हे फारच जाणवतं.

रेसिड्युअल व्हॉल्व्ह. ड्रमच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो. मूळ मास्टरमध्ये तो आतच होता, डिस्कसाठीच्या मास्टरमध्ये नसतो. मागे ड्रम ठेवून असा मास्टर लावला तर पहिलं पेडल खाली जाऊ शकतं. याउलट डिस्कच्या लाइनवर १० चा व्हॉल्व्ह राहिला तर पॅड सतत घासतात. मास्टर फ्लोअरखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली असल्यामुळे तेल मागे उतरू नये म्हणून डिस्कला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह पुरतो.

पुढे-मागे तोल. या जीपचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच आणि मागची बाजू हलकी. मागे ११ इंची आणि पुढे ९ इंची हे मिश्रण कधीही करू नका. मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गोल फिरते. चारही बदला किंवा आधी पुढची. मागची आधी लॉक होत असतील तर मागच्या लाइनवर ॲडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी ठेवणारा) घाला. मोठा ड्रम रिमच्या आत, टायरच्या व्हॉल्व्हच्या देठाला न लागता फिरतो ना, हे भाग विकत घेण्याआधी मोजा. दोन तुकड्यांत उघडणाऱ्या युद्धकालीन रिममध्ये आतली जागा वेगळी असते.

सगळ्या बदलांत मी पहिला नंबर ड्युअल सर्किट मास्टरला देतो. मूळ रचनेत एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात, आणि शाफ्टवरचा हँडब्रेक धावत्या गाडीला थांबवण्यासाठी नाही.

इथे थांबा, तज्ज्ञाला बोलवा

- दाबून धरलेलं पेडल तळाला जातं आणि कारण सापडत नाही. गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.
- स्टीलची ब्रेक लाइन गंजून खवले निघाले आहेत आणि डबल फ्लेअर करण्याचं हत्यार तुमच्याकडे नाही. कॉम्प्रेशन जोडणीने किंवा सोल्डरने जोडलेली ब्रेक लाइन दाबाखाली सुटते.
- ड्रम, हब किंवा स्पिंडलला तडा दिसतो. वेल्डिंग करून चालवू नका.
- स्टड हबमधून दाबून काढायचे आहेत, किंवा ड्रमचं टर्निंग आणि लायनर घासण्याचं काम आहे.
- चासीवर किंवा ॲक्सलवर ब्रॅकेट वेल्ड करावं लागतंय, पेडलची लांबी बदलावी लागतेय, किंवा बूस्टर बसवायचा आहे.
- दहाव्या पायरीपर्यंत सगळं झालं आणि गाडी अजून ओढते. ॲक्सल किंवा चासी वाकलेली असू शकते, ती मापाच्या टेबलवरच कळते.

चाचणी

पहिली चाचणी जागेवर : इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने एक मिनिट धरा, मग प्रत्येक जोडणी कोरड्या कागदाने पुसून ओल बघा. दुसरी, चालण्याच्या वेगात. तिसरी मोकळ्या रस्त्यावर, मध्यम वेगातून हलके ब्रेक, मधे थंड होऊ देत. नवे लायनर ड्रमशी जुळेपर्यंत पूर्ण जोराची परीक्षा घेऊ नका, ते जळून गुळगुळीत होतात. पाण्यातून गाडी काढली असेल तर ब्रेक सुकेपर्यंत हलके दाबत चला, त्या वेळच्या ओढण्यावरून काही ठरवू नका.

शंभरेक किलोमीटर झाले की कॅमची ॲडजस्टमेंट पुन्हा एकदा करा, अँकर पिनांचे लॉकनट आणि चाकांचे नट आवळून घ्या, डाव्या बाजूला उलट्या दिशेने.